सीटमागची टाकी

आबांच्या शेवरलेट ट्रकमध्ये बसले की पाठीमागे पेट्रोल हलताना ऐकू येत असे. वळण आले की एक जड, गोलसर आवाज एका बाजूकडून दुसरीकडे जाई, ब्रेक लागला की तो अगदी पाठीशी येऊन थांबे, आणि टाकी अर्ध्याहून खाली गेली की त्या आवाजात असा काही पोकळपणा येई की आबा काट्याकडे न पाहताच किती पेट्रोल उरले आहे ते सांगत. विहिरीत घागर बुडताना जसा आवाज होतो तसा मोटारीत हा आवाज होतो, एवढीच माझी लहानपणीची समजूत होती. आमच्या पाठी आणि जवळजवळ सत्तर लिटर पेट्रोल यांच्यामध्ये सीटची पाठ, थोडा काथ्या आणि एक पत्रा एवढेच आहे, हा विचार तेव्हा घरातल्या कोणाच्याच मनात आला नसावा.

ही गाडी १९५१ ची आहे. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ मध्ये जुळणीचा कारखाना सुरू केला होता. परदेशातून खोक्यांत भरून आलेले भाग तिथे जोडून शेवरलेटच्या मोटारी, बस आणि ट्रक तयार होत. केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी इथेच भाग बनवावेत, नाहीतर गाशा गुंडाळावा, असे सरकारी धोरण १९५३ च्या सुमारास ठरले आणि तो कारखाना बंद झाला. आमचा ट्रक त्या अखेरच्या वर्षांतला. त्याच्या दारांना पुढच्या बाजूला त्रिकोणी, फिरणारी छोटी काच आहे, आणि ती शेवरलेटच्या ट्रकांना १९५१ सालीच पहिल्यांदा आली म्हणून आबा ती काच पाहुण्यांना उघडून दाखवत. पन्हाळा तालुक्यातल्या आमच्या गुऱ्हाळावरून गुळाचे रवे घेऊन हा ट्रक कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या गूळ बाजारात जाई. शाहू महाराजांनी वसवलेल्या त्या पेठेत हंगामात पहाटेपासून गाड्यांची रांग लागे आणि परत येताना रिकाम्या हौद्यालाही गुळाचा वास असे. पुढे डिझेलच्या गाड्या आल्या, गुऱ्हाळ बंद झाले, आणि ट्रक गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहिला. आबांनी तो विकला नाही. त्यांच्यानंतर मीही विकला नाही; वर्षातून पाच-सहा वेळा तो रस्त्यावर काढायचा, एवढा नेम मात्र आम्ही पाळत आलो.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझा नातू शेजारी बसला होता. वाघबीळच्या चढावर तो म्हणाला, "आजी, डोकं दुखतंय माझं. वास येतोय." पेट्रोलचा थोडा वास जुन्या गाडीत असतोच, असे मी स्वतःला अनेक वर्षे सांगत आले होते, आणि त्या दिवशीही तेच उत्तर माझ्या ओठांवर आले होते. पण मुलाचा चेहरा उतरलेला पाहून मी गाडी कडेला घेतली, त्याला खाली उतरवले, सीटची पाठ पुढे ओढली आणि टाकीच्या तळाच्या सांध्यावरून बोट फिरवले. बोट ओले झाले. थेंब गळत नव्हता, नुसता घाम फुटल्यासारखा ओलावा होता, आणि तो सांध्याच्या एका वीतभर लांबीवर पसरला होता. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती केबिनच्या तळाशी, पायांपाशी साचते, आणि हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असले की तिला एक ठिणगी पुरते. हे वाक्य मी वर्गात कितीतरी वर्षे सांगितले आहे. त्या ट्रकच्या केबिनमध्ये, स्टार्टरचा स्विच आणि सत्तर वर्षांची वायरिंग समोर असताना, मी ते स्वतःला कधी सांगितले नव्हते. त्या दिवशी आम्ही सगळ्या काचा उघड्या ठेवून गाडी परत आणली आणि मी बॅटरीची वायर काढून ठेवली.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक मिस्त्री आहेत, ज्यांच्या वडिलांनीही हाच ट्रक हाताळला होता. त्यांनी टाकी पाहिली आणि पहिली गोष्ट सांगितली ती अशी: "बाई, हिला डाग द्या म्हणून कोणी सांगितलं तरी द्यायचा नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट." डाग म्हणजे तापवून केलेला झाळ. रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यांच्या बोलण्यात एक अक्षरही कमी-जास्त नाही. भरलेल्या टाकीत वाफेला पुरेशी हवा नसते. रिकाम्या टाकीत हवा आणि वाफ दोन्ही असतात, आणि पत्र्याच्या घडीत, गंजाच्या पापुद्र्याखाली मुरलेले पेट्रोल महिनोन् महिने वाफ सोडत राहते. टाकी उघड्यावर नेऊन, पेट्रोल काढून, ती काठोकाठ पाण्याने भरून दोनदा रिकामी केल्यावरच त्यांनी तिला हत्यार लावू दिले.

माप दाखवणारा भाग वर काढला तेव्हा त्याच्या दांड्याच्या टोकाला बुचाचा तरंगा होता. तो फुगून, काळवंडून, भिजलेल्या पावासारखा झाला होता आणि पाण्यात टाकला तर बुडत होता. काटा दीड वर्षापासून रिकामी टाकी दाखवत होता त्याचे कारण हे. मिस्त्रींना ते जुनेपणामुळे झाले असे वाटले आणि मलाही तसेच वाटले असते, पण त्याच आठवड्यात हौद्याच्या फळ्या पाहायला आलेले आमचे सुतारमामा तो तरंगा हातात घेऊन म्हणाले, "ह्याला चपडीचं पॉलिश होतं की. आणि तुम्ही त्यो स्पिरिटात ठेवलाय व्हय?" फ्रेंच पॉलिश करणारा प्रत्येक सुतार चपडी लाख स्पिरिटात विरघळवतो. जुन्या काळी बुचाच्या तरंग्यावर पेट्रोल आत शिरू नये म्हणून लाखेचा थर देत असत. साध्या पेट्रोलला ती लाख दाद देत नाही, म्हणून तो तरंगा पन्नास वर्षे तरंगला. अल्कोहोलपुढे मात्र ती टिकत नाही. आणि आता आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये पाचवा हिस्सा अल्कोहोल आहे.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण या सगळ्या दुरुस्तीचे मूळ इथे आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम आपल्याकडे २००३ मध्ये पाच टक्क्यांनी सुरू झाला. पहिल्या नऊ राज्यांत महाराष्ट्र होता. २०२२ च्या जूनमध्ये देशभराचे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले, २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्क्यांचे पेट्रोल विक्रीला आले आणि २०२५ मध्ये तेच सर्वत्र झाले. हे इथेनॉल मक्यापासून आणि तांदळापासूनही होते, पण आमच्या भागात त्याचा अर्थ ऊस असा आहे: मळीचा, रसाचा, पाकाचा. ऊस पिकवणाऱ्या घरातली मी, त्या इथेनॉलबद्दल माझ्या मनात राग नाही. कारखान्याला मळीचा भाव मिळाला म्हणून वेळेवर बिल मिळालेले शेतकरी माझ्या नात्यात आहेत. ज्या ट्रकने उसाचा गूळ वाहिला त्याच्याच नळीतून आता ऊस वाहतो आहे, हे मला कळले तेव्हा मी बराच वेळ शेडमध्ये बसून राहिले. गाडी तीच, शिवार तेच, पण १९५१ साली ज्यांनी ही टाकी, हे रबर, हे बूच निवडले त्यांच्यासमोर हा प्रश्न नव्हताच. त्यांच्याकडून चूक झाली नाही आणि आजच्या पेट्रोलकडूनही नाही. त्या दोघांच्या मध्ये जी नळी आहे ती बदलणे हे माझे काम होते.

प्रमाण खरोखर किती आहे ते मी कॉलेजात मुलांना दाखवत असे त्याच रीतीने पाहिले. शंभर मिलिलिटरच्या मोजपात्रात वीस मिलिलिटर पाणी आणि ऐंशी मिलिलिटर पेट्रोल घेतले, बूच लावून हलवले आणि टेबलावर ठेवून दिले. पेट्रोल पाण्यात मिसळत नाही, पण इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी प्रिय असते. ते वरचा थर सोडून खाली येते. दहा मिनिटांनी खालच्या थराची रेघ विसाऐवजी पस्तिसाच्या आसपास होती. हाच प्रकार टाकीत हळूहळू घडतो. आमचा ट्रक दोन-दोन महिने उभा असतो, पावसाळ्यात पन्हाळ्याच्या बाजूची हवा नुसती ओली असते, टाकीच्या झाकणाला श्वास घ्यायला भोक असते, आणि त्या भोकातून येणाऱ्या दमट हवेतले पाणी इथेनॉल शोषून घेते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून एक वेगळा थर तळाशी बसतो. इंजिनाची नळी तळातूनच पेट्रोल घेते. त्यामुळे गाडी सुरू होत नाही हा त्यातला लहान भाग. मोठा भाग असा की तो थर टाकीच्या तळाला, सांध्याला, डागाला आठवडेच्या आठवडे चिकटून राहतो. आमच्या टाकीचा पत्रा आतून शिसे आणि कथलाच्या पातळ मुलाम्याचा होता, आणि जिथे तो मुलामा गेला होता तिथेच, तळाच्या सांध्यालगत, ती वीतभर ओल होती.

टाकीनंतरच्या नळीची अवस्था त्याहून वाईट निघाली. टाकीपासून केबिनच्या तळातून चेसिसवर, तिथून इंजिनाच्या बाजूला खाली बसवलेल्या पंपापर्यंत, आणि पंपापासून इंजिनाच्या पुढच्या बाजूने वळसा घेऊन दुसऱ्या अंगाच्या कार्बोरेटरपर्यंत, असा त्या पेट्रोलचा प्रवास असतो. मूळची पोलादी नळी पाच सोळांश इंचाची, म्हणजे जवळजवळ आठ मिलिमीटरची होती. पण तिच्यात वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या हातांनी केलेले चार जोड होते. एका ठिकाणी तांब्याची नळी होती, जी हादऱ्यांनी कडक होऊन चिरते आणि शिवाय पेट्रोलमध्ये डिंक धरायला मदत करते. एका ठिकाणी तर बागेच्या पाण्याची वाटावी अशी प्लॅस्टिकची नळी जुबली क्लिपने आवळलेली होती. रबराचे तुकडे बाहेरून धड दिसत होते. मिस्त्रींनी एक तुकडा उभा चिरून माझ्या हातात दिला तेव्हा आतले अस्तर ओल्या शाईसारखे बोटाला लागले. पंपाच्या काचेच्या वाटीत दर महिन्याला दिसणारी काळी बुकटी कुठून येत होती ते तेव्हा कळले. मी त्याला टाकीतला कचरा समजत होते आणि दर वेळी वाटी पुसून परत लावत होते.

टाकी तिथेच, सीटमागे, नवी करून बसवायची की बाहेर काढायची, हा प्रश्न मला सगळ्यात कठीण गेला. तशीच मूळ आकाराची टाकी करून घेता आली असती आणि जुन्या गाड्यांचे प्रेमी बहुतेक तेच करतात. सीटमागची जागा शेवरलेटने १९४९ मध्ये निवडली त्याला कारणे होतीच: तिथे दगड लागत नाही, चिखल लागत नाही, नळी आखूड राहते, आणि टाकी पंपापेक्षा उंच असल्यामुळे पेट्रोल आपसूक खाली येते. अमेरिकेत ही पद्धत १९७२ पर्यंतच्या शेवरलेट पिकअपमध्ये टिकली. १९७३ च्या नव्या बांधणीत टाकी केबिनबाहेर गेली, पण ती चेसिसच्या लांब पट्ट्यांच्या बाहेरच्या अंगाला टांगली गेली, आणि बाजूने धडक बसली तर ती फुटून आग लागते यावरून तिथे पुढची वीस वर्षे खटले आणि चौकशा चालल्या. १९९४ च्या अखेरीस सरकार आणि कंपनी यांच्यात तडजोड झाली तेव्हा ते प्रकरण मिटले. हे वाचून माझी एक गोष्ट पक्की झाली. टाकी बाहेर काढणे पुरेसे नाही; ती चेसिसच्या दोन पट्ट्यांच्या आत, कुशीत बसली पाहिजे.

तरीही मन तयार होत नव्हते. गाडी जशी होती तशी ठेवणे हे आबांचे ऋण आहे असे मला वाटत असे. त्यांनी दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेला एक हिशेब मी अजून पुसू दिलेला नाही. पण आबांनीच याच गाडीला १९६० च्या दशकात बाहेरून इंडिकेटर लावून घेतले होते, कारण शाहूपुरीच्या गर्दीत हात बाहेर काढून वळणे धोक्याचे झाले होते. आणि तेव्हा मूळ गाडीला इंडिकेटर नव्हते म्हणून ते अडून बसले नाहीत. शेवटी निर्णय नातवाच्या जागेने केला. तो जिथे बसतो तिथून टाकीचा सांधा एका हातावर होता. मी तिथे पेट्रोल ठेवू शकत नव्हते.

जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैमध्ये जो नियम केला, त्यात पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज मानली जाते, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार केलेला चालत नाही. म्हणून मी मिस्त्रींना पहिल्याच दिवशी एक अट घातली: चेसिसला एकही नवे भोक पाडायचे नाही आणि केबिनचा एक इंचही पत्रा कापायचा नाही. ती अट पाळणे शक्य झाले ते स्टेपनीमुळे. मागच्या धुरीच्या पुढे-मागे पाहता पाहता स्टेपनीचा जुना पाळणा ज्या चार भोकांवर टांगला होता ती भोके आम्हाला टाकीसाठी अचूक सापडली, आणि शेवटच्या आडव्या पट्टीच्या बरीच आत. स्टेपनी आता हौद्यात असते.

टाकी ३०४ प्रतीच्या स्टेनलेस पत्र्याची, ६५ सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि १६ उंच अशी केली. तिच्यात सुमारे ४६ लिटर मावते. उद्यमनगरात आर्गॉन वेल्डिंग इतके सुबक करणारे लोक आहेत की त्या सांध्यांवरून बोट फिरवावेसे वाटते. आत दोन आडव्या भिंती आहेत आणि त्यांच्या खालच्या कोपऱ्यांना भोके आहेत. त्यामुळे वळणावर सगळे पेट्रोल एका बाजूला धावत नाही. तयार टाकीत सायकलच्या पंपाने अगदी थोडी हवा भरून सगळ्या सांध्यांना साबणाचे पाणी लावले. एका कोपऱ्यात, बाहेर येणाऱ्या नळीच्या मुळाशी, मोहरीएवढा बुडबुडा आला. वेल्डरने काही न बोलता टाकी परत नेली आणि तो सांधा पूर्ण घासून पुन्हा केला. टाकी चेसिसला बोल्टने घट्ट आवळलेली नाही, पट्ट्यांनी धरलेली आहे, कारण खड्ड्यातून जाताना चेसिस पिळवटते आणि घट्ट बसवलेली टाकी त्या पिळाबरोबर सांध्यात चिरते. पट्ट्यांखाली रबर आहे. रबरामुळे टाकी चेसिसपासून विजेच्या दृष्टीने तुटली, म्हणून माप दाखवणाऱ्या भागाला आणि भरणीच्या तोंडाला वेगवेगळी अर्थिंगची तार दिली. पेट्रोल भरताना तोंडापाशी साचणाऱ्या स्थिर विजेला जमिनीची वाट मिळणे फार आवश्यक असते.

मापाच्या भागाने आम्हाला तीन आठवडे अडवले. बाजारात मिळणारे बहुतेक भाग माझ्या काट्याला चुकीचे होते. १९६५ च्या आधीच्या जनरल मोटर्सच्या काट्यांना रिकाम्या टाकीला शून्य आणि भरलेल्या टाकीला तीस ओहम एवढा रोध हवा असतो. नंतरच्या गाड्यांत तो नव्वदपर्यंत जातो, आणि तसा भाग लावला तर टाकी एक तृतीयांश भरली तरी काटा ती भरल्याचे सांगतो. आम्ही जुन्याच भागाची रोधाची गुंडाळी स्वच्छ करून वापरली, त्याचा दांडा नव्या टाकीच्या उंचीप्रमाणे वाकवला आणि बुचाच्या जागी पातळ पितळेचा पोकळ तरंगा लावला. हे काम मी स्वतः घरी, स्वयंपाकघरातल्या बादलीत पाणी भरून, मीटर जोडून केले. दांडा एक सूत वाकवायचा आणि आकडा पाहायचा, असे करता करता संध्याकाळ झाली. सगळ्या दुरुस्तीत मला अतिशय आनंद झाला असेल तर तो त्या संध्याकाळी.

नळीसाठी जोड नसलेली आठ मिलिमीटरची स्टेनलेस नळी घेतली. ती वाकवायला कठीण असते, पण टाकीपासून इंजिनापर्यंत एकच अखंड नळी जावी असा माझा आग्रह होता. जोड जितके कमी तितकी गळतीची ठिकाणे कमी. सायलेन्सरचा पाइप चेसिसच्या ज्या बाजूने जातो त्याच्या विरुद्ध बाजूने ती नेली. आता टाकी दूर आणि पंपापेक्षा खाली आहे, म्हणजे पंपाला सगळे पेट्रोल ओढून घ्यावे लागते. ओढल्या जाणाऱ्या पेट्रोलवरचा दाब कमी होतो आणि त्यात उन्हाळ्याची उष्णता लागली की नळीतच वाफ धरते आणि घाटात गाडी बंद पडते. नळीला गरम भागापासून दूर ठेवणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे. दर वीत-दीड वीत अंतरावर अस्तर लावलेले क्लॅम्प दिले आणि इंजिन रबरावर हलते म्हणून शेवटचा हातभर भाग लवचिक ठेवला. तो लवचिक तुकडा आतून व्हिटॉनचे, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे, अस्तर असलेल्या होजचा आहे. ही होज साध्या नळीच्या कितीतरी पट महाग पडते आणि तिची गरज फक्त दोन ठिकाणी एकेका हाताएवढी असते, तेव्हा तिथे काटकसर करण्यात मला अर्थ दिसत नाही.

पंपाचा पडदा, वाटीखालची चकती आणि कार्बोरेटरची सुई-सीट इथेनॉल सोसणाऱ्या रबराची बसवली. पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. त्यामुळे वीस टक्क्यांच्या मिश्रणावर जुना कार्बोरेटर गाडीला जरा उपाशी ठेवतो. मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक भोक, एका मापाने मोठे केल्यावर चढावर येणारी ती खोकल्यासारखी कुचंबणा गेली. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच कमी असते, त्यामुळे सरासरी थोडी उतरली आहे आणि ती जेट बदलून परत येणार नाही.

एक बटणही आले आहे, आणि त्याबद्दल मिस्त्रींशी माझा थोडा वाद झाला. टाकी खाली गेल्यामुळे गाडी महिनाभर उभी राहिली की नळीतले पेट्रोल परत टाकीत उतरते आणि मग स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो. त्यासाठी सहा व्होल्टचा एक छोटा विजेचा पंप मागे लावला. तो कायम चालू ठेवावा, म्हणजे घाटातही मदत होईल, असे त्यांचे म्हणणे होते. पण इंजिनावरच्या जुन्या पंपाचा पडदा एखाद्या दिवशी फाटला, तर मागचा पंप बिनबोभाट सगळे पेट्रोल इंजिनाच्या ऑइलमध्ये ढकलत राहील. म्हणून तो फक्त बटण दाबून धरले तरच चालतो. बोट उचलले की थांबतो. दहा सेकंद पुरतात.

भरणीचे तोंड कुठे द्यायचे याचे उत्तर सुतारमामांनी दिले. हौद्याच्या तळाची एक सागवानी फळी त्यांनी जपून काढून ठेवली, तिच्या जागी तशीच नवी घातली आणि नव्या फळीत बिजागरीचे झाकण केले. पत्रा कापला नाही, आणि कोणाला गाडी पूर्ववत करायची झाली तर जुनी फळी माळ्यावर नाव लिहून ठेवलेली आहे. केबिनच्या बाहेरचे मूळ झाकण तसेच आहे. पंपावरचा मुलगा अजूनही सवयीने तिथेच नळी घेऊन येतो आणि मी त्याला हौद्यात चढायला सांगते. कधी कधी तो झाकण उघडून आत पाहतो आणि आतली बंद केलेली नळी पाहून माझ्याकडे पाहतो, आणि मग मला त्याला सगळी कथा सांगावी लागते.

नोव्हेंबरमध्ये, गुऱ्हाळे पेटली तेव्हा, आम्ही ट्रक पहिल्यांदा दूर नेला. निघण्याआधी प्रत्येक जोडाखाली रात्रभर पांढरा कागद ठेवला होता आणि सकाळी तो कोरडा होता. वाघबीळचा चढ इंजिनाने न कुरकुरता घेतला. केबिनमध्ये वास नव्हता; उसाच्या चिपाडांचा धूर आणि उकळत्या रसाचा गोडसर वास त्या त्रिकोणी काचेतून आत आला तेव्हा लक्षात आले की इतकी वर्षे या केबिनमध्ये बाहेरचा वास असा येतच नव्हता. पहिल्या मोठ्या वळणावर मी नकळत कान मागे दिला. तिथे काहीच हलले नाही. मला ते चुकल्यासारखे वाटले, आणि मी ते नाकारणार नाही. आबांच्या बाजूला बसून ऐकलेल्या आवाजांपैकी हा एक होता आणि तो आता कुठेच ऐकू येणार नाही. नातवाला अर्थातच तो आवाज आठवत नाही. सीटमागच्या रिकाम्या जागेत त्याने आपली शाल, पाण्याची बाटली आणि गुऱ्हाळावरून मिळालेली काकवीची बरणी ठेवली होती.

जुनी टाकी शेडच्या भिंतीला टांगली आहे, तोंड उघडे आणि खाली करून. नव्या टाकीच्या तळाशी एक बोल्ट आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी गाडीखाली जाते, कॉलेजातून निवृत्त होताना मुलांनी भेट दिलेल्या मोजपात्रात त्या बोल्टमधून पन्नास मिलिलिटर पेट्रोल काढते आणि ते खिडकीच्या उजेडात धरून तळाशी पाण्याचा थर आहे का ते पाहते. या ऑगस्टमध्ये, सलग अठरा दिवस पाऊस पडून गेल्यावर, तळाशी एक बारीक रेघ होती, केसाएवढी. ती मी काढून टाकली आणि टाकी काठोकाठ भरून घेतली, म्हणजे दमट हवेला आत जागाच कमी राहील. सप्टेंबरमध्ये पाहिले तेव्हा पेट्रोल वरपासून खालपर्यंत एकसारखे स्वच्छ होते, आणि मी ते हौद्यात चढून परत टाकीत ओतले.